विंचू घराबाहेर कसा ठेवाल?



रेडिओवर सांगितलेली गोष्ट कानावरून जाते. हातातले काम टाकून ती लिहून घेणे जमतेच असे नाही. म्हणून विंचवाविषयीची माहिती या पत्रकात एकत्र दिली आहे. घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती वाचून दाखवा आणि शेवटची यादी दाराजवळ भिंतीला लावून ठेवा.

दौलताबाद, माळीवाडा, शरणापूर, अब्दीमंडी आणि पलीकडे खुलताबाद-वेरूळपर्यंतचा आपला मुलूख काळ्या खडकाचा आहे. पाऊस बेताचा. सालाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. बाकीचे दिवस माळ कोरडा आणि तापलेला. बांध दगडाचे, गोठ्याच्या भिंती दगडाच्या, जुनी घरेही दगड-मातीची. विंचवाला यापेक्षा सोयीचा मुलूख कोणता? दिवसा दडायला भेग आणि रात्री खायला किडा एवढे मिळाले, की तो तिथे बिऱ्हाड करतो.

हीच गोष्ट उलटी करून पाहा. विंचवाला तुमचे घर नको असते. त्याला भेग हवी असते आणि किडा हवा असतो. या दोन गोष्टी काढून घेतल्या, तर तो आपणहून दूर राहतो. पावडर, फवारा, धूप हे सगळे त्यानंतरचे.

विंचू ओळखा

आपल्याकडे दोन तऱ्हेचे विंचू नेहमी दिसतात. एक मोठा काळा. चार-पाच इंच लांब, पुढचे चिमटे जाड, शेपूट त्यामानाने बारीक. तो बहुधा जमिनीत बीळ करून राहतो. त्याला पाहून जीव दचकतो, त्याचा डंखही झोंबतो, पण त्याने माणूस दगावणे क्वचित.

दुसरा तांबडा. दोन ते साडेतीन इंचांचा, तांबूस किंवा पिवळट-तपकिरी रंगाचा, पुढचे चिमटे बारीक आणि शेपूट जाड. दगडाखाली, सरपणात, भिंतीच्या सांध्यात राहतो. दिसायला लहान, पण विषाने तोच भारी. त्याच्या डंखाने लहान मुले दगावली आहेत, धडधाकट माणसेही दगावली आहेत. म्हणून ‘एवढासा तर आहे’ असे म्हणून त्याला सोडू नका. साधी खूण लक्षात ठेवा: चिमटे बारीक आणि शेपूट जाड असेल, तर विंचू जहाल.

विंचू रात्रीचा प्राणी. दिवसा भेगेत पडून राहतो आणि अंधार पडला की बाहेर निघतो. झुरळे, रातकिडे, कोळी, वाळवी हे त्याचे खाणे. एकदा पोटभर मिळाले की पुढे कित्येक आठवडे त्याला खायला लागत नाही. म्हणून घर चार दिवस बंद ठेवले म्हणजे विंचू उपाशी मरेल, असे समजू नका.

‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण सहज वापरतो, पण ती अगदी खरी आहे. मादीला पिले होतात ती थेट जिवंत, अंड्यातून बाहेर पडलेली नव्हेत. वीस-तीस, कधी त्याहूनही जास्त पिले पहिली कात टाकेपर्यंत तिच्या पाठीवर बसून राहतात आणि मग आपापल्या वाटेने जातात. पिले आईला खाऊन मोठी होतात, असे म्हणतात. ते खरे नाही. यातून कामाची गोष्ट एवढीच, की पाठीवर पिले असलेली मादी दिसली तर तिच्यावर चप्पल हाणू नका. पिले चहूकडे पांगतात आणि एकाच्या जागी वीस विंचू घरात होतात. तिच्यावर रुंद तोंडाचा डबा उपडा घाला, खालून पत्रा किंवा जाड पुठ्ठा सरकवा आणि सगळे बिऱ्हाड एकदमच बाहेर काढा.

तो घरात केव्हा शिरतो?

वर्षात तीन वेळा जास्त सावध राहायचे. पहिली वेळ चैत्र-वैशाखाची. दगड तापतात, किडे गारव्याला येतात आणि त्यांच्यामागे विंचू येतो. रांजणाखालची ओल, माठाची तिवई, मोरी या जागा त्याला आवडतात. याच दिवसांत आपण उघड्यावर, जमिनीवर झोपतो, हेही विसरू नका.

दुसरी वेळ मृगाच्या पहिल्या पावसाची. बिळांत पाणी शिरले की विंचू कोरडी जागा शोधत निघतो, आणि तुमचे जोते त्याला सगळ्यांत आधी सापडते.

तिसरी वेळ दसरा-दिवाळीच्या सुमाराची. मका, बाजरी, सोयाबीन काढायचे, कापूस वेचायचा, सीताफळे तोडायची, असे हाताचे काम तेव्हा शेतात भरपूर असते. पेंढ्या, पाला, दगड यांत हात जातात. पेंढीबरोबर विंचूही गाडीत बसून घरापर्यंत येतो.

देवगिरीचा धडा

आपल्या डोळ्यांसमोर देवगिरीचा किल्ला उभा आहे. बांधणाऱ्यांनी तो कसा राखला? आधी खंदक खोदला. मग डोंगराचा कडा चहूबाजूंनी उभा तासून असा गुळगुळीत केला, की चढणाऱ्याला पाय रोवायला जागा मिळू नये. आणि आत जायला वाट ठेवली ती एकच, अरुंद, पहाऱ्यातली. विंचवापासून घर राखायचे तर हेच तीन उपाय करायचे: खंदक, कडा आणि दरवाजा. यात खर्च थोडा आहे, मेहनत जास्त आहे.

खंदक: घराभोवती मोकळी जागा

घराच्या भिंतीपासून निदान चार-पाच हात जागा चहूबाजूंनी साफ ठेवा. या पट्ट्यात दगड, विटा, कौलांचे तुकडे, जुने पाइप, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, टायर, गोणपाट यांतले काही नको. गवत वाढू देऊ नका. पट्टा उघडा असला म्हणजे दिवसा त्यात विंचवाला दडता येत नाही आणि रात्री तो ओलांडताना दिसतो.

आता सरपणाचे आणि गोवऱ्यांचे काय? सोय म्हणून आपण पऱ्हाटी आणि गोवऱ्या भिंतीला टेकवूनच रचतो. विंचवाला याहून चांगली जागा नाही. खाली ओल, आत अंधार, खायला वाळवी आणि झुरळे. तेव्हा ढीग घरापासून वीस-पंचवीस हात दूर न्या. खाली चार दगड किंवा लाकडे टाकून ढीग जमिनीपासून वीतभर उंच ठेवा, म्हणजे खालून वारा खेळेल आणि ओल धरणार नाही. रोजच्या चुलीपुरते सरपण दिवसाउजेडी आणा. संध्याकाळी अंधारात ढिगात हात घालायचा नाही. आणि आणलेली पऱ्हाटी घरात नेण्याआधी अंगणात दोनदा आपटा.

कडब्याची गंजी आणि उकिरडा यांनाही हाच नियम. गोठा घराला लागून असेल, तर गव्हाणीखालचा पालापाचोळा आठवड्यातून एकदा ओढून काढा.

कोंबड्या असतील तर उत्तम. दिवसभर त्या उकिरडा उकरतात, किडे-झुरळे टिपतात, विंचू सापडला तर त्यालाही सोडत नाहीत. पण विंचू रात्री निघतो आणि कोंबड्या रात्री खुराड्यात असतात. म्हणून कोंबड्यांची मदत घ्या, पण राखण त्यांच्यावर सोडू नका.

कडा: चढू न देणारी भिंत

विंचू खरखरीत भिंत सहज चढतो. माती, दगड, विटा, लाकूड, काहीही. पण स्वच्छ काच, चकचकीत फरशी, गुळगुळीत पत्रा यांवर त्याचे पाय ठरत नाहीत. ज्या देशांत विंचवांचा त्रास मोठा आहे, उदाहरणार्थ मेक्सिकोत, तिथे घराच्या पायथ्याशी चकचकीत फरशीची पट्टी बसवण्याचा उपाय सांगतात. आपल्यालाही तो करता येईल.

जोत्यावर, जमिनीपासून थोडी वर, घराला सलग वळसा घालून एक वीत रुंदीची चकचकीत फरशी बसवा. नवी फरशी घ्यायला नको, शहरात बांधकामाची उरलेली आणि फुटकी फरशी स्वस्तात मिळते. दोन तुकड्यांमधला सांधा पांढऱ्या सिमेंटने भरून सपाट घोटा. सांधा उघडा राहिला तर तीच विंचवाची शिडी. दाराच्या पायऱ्यांपाशी पट्टी तुटते, तिथे पायरीच्या उभ्या अंगालाही फरशी लावा. सगळे घर एका वर्षात होत नसेल, तर ज्या खोलीत मुले निजतात त्या बाजूने सुरुवात करा.

पट्टी बसवली म्हणून काम संपले नाही. तिच्यावर धूळ-चिखल बसला की ती खरखरीत होते, म्हणून पुसत राहा. तिला टेकून खराटा, काठी, सायकल ठेवू नका. भिंतीवर चढलेला वेल, छपराला टेकलेली सीताफळाची किंवा लिंबाची फांदी छाटून टाका. देवगिरीच्या कड्याला कोणी शिडी लावून ठेवली असती, तर कडा तासून काय उपयोग झाला असता?

आता भिंतीच्या भेगा. मातीत बांधलेल्या दगडी भिंतीत सांधे उघडे पडतात. पाऊस लागण्याआधी ते खरवडून माती काढा आणि सिमेंट-वाळूने भरा. गवंडी याला दर्जा भरणे म्हणतो. सिमेंट परवडत नसेल तर चुना-वाळू वापरा. तेही नसेल तर भुसा कालवलेली चिकणमाती दाबून भरा, पण ती दरसाल पाहावी लागते. आतून गिलावा केला तर फारच बरे. कोनाडे आणि देवळ्या यांच्या कडा, तुळई भिंतीत शिरते ती जागा आणि दाराची चौकट या ठिकाणी आधी पाहा.

माळवदाचे किंवा कौलारू घर असेल, तर विंचू वरूनही पडतो. निजायच्या जागेवर जाड कापडाची चांदणी ताणून बांधा. ती महिन्यातून एकदा सोडून झटका, नाहीतर वर झुरळांची वस्ती होते.

दरवाजा: फटी बंद करा

तुमच्या पेन्सिलीएवढी फट विंचवाला पुरते. दार लावल्यावर खालून उजेड दिसत असेल, तर तिथून विंचू येऊ शकतो. दाराच्या खालच्या कडेला जुन्या टायरच्या ट्यूबची किंवा रबराची पट्टी खिळ्यांनी ठोका, ती उंबऱ्याला घासली पाहिजे. दहा मिनिटांचे काम आहे.

मोरीच्या तोंडाला बारीक छिद्रांची जाळी बसवा. खिडकीला डासांची जाळी लावली तर डासही अडतात आणि विंचूही. विजेची वायर, पाण्याचा पाइप भिंतीतून आत येतो त्या भोकाभोवती सिमेंट भरा.

दारावरचा दिवा आपल्याला सोयीचा, पण त्याच्याभोवती किडे जमतात आणि किड्यांच्या मागे विंचू. जमले तर दिवा दारापासून दूर, अंगणातल्या खांबावर लावा म्हणजे किडे तिकडे जमतील. दारावर लावायचाच तर पिवळ्या उजेडाचा लावा. त्याकडे किडे कमी येतात.

घरातल्या सवयी

खंदक, कडा, दरवाजा सगळे करूनही एखादा विंचू आत येणारच. त्याच्याशी गाठ पडू नये म्हणून काही सवयी लावून घ्याव्या लागतील.

जमिनीवर निजू नका. बाज वापरा आणि ती भिंतीपासून हातभर दूर ठेवा. वाकळ, गोधडी जमिनीवर लोंबू देऊ नका. बाजेचे पाय गुळगुळीत पत्र्याच्या डब्यात ठेवले तर विंचवाला वर चढता येत नाही. डब्यात पाणी भरू नका, डास होतात. पत्रा गंजला की खरखरीत होतो, तेव्हा डबा बदला. मच्छरदाणी लावून तिची कड अंथरुणाखाली खोचा. डासांसाठी लावलेली मच्छरदाणी विंचवालाही अडवते. तान्ह्या मुलाचा पाळणा किंवा झोळी भिंतीला टेकणार नाही अशी बांधा.

वहाणा, बूट घालण्याआधी उपडे करून आपटा. खुंटीवरचा सदरा, धोतर, लुगडे झटकल्याशिवाय अंगात घालू नका. मुलांचे शाळेचे दप्तर जमिनीवर न ठेवता खुंटीला टांगा. अंथरूण निजताना एकदा झाडा. दिवसभर गुंडाळून ठेवलेल्या वळकटीत विंचू बसतो, हे ज्याला डंख बसला त्याला सांगावे लागत नाही.

रात्री बाहेर जाताना पायात वहाण आणि हातात बॅटरी. ‘आपलंच अंगण आहे’ म्हणून अनवाणी जाऊ नका. उष्टे-खरकटे रात्रभर ठेवू नका. झुरळ कमी झाले म्हणजे विंचवाचे अन्नही कमी झाले.

आणखी एक युक्ती. नोटा तपासायला दुकानदार जो जांभळ्या उजेडाचा दिवा वापरतात, त्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. तशी छोटी बॅटरी आता बाजारात मिळते. अंधाऱ्या रात्री जेवणानंतर घराभोवती, गोवऱ्यांपाशी, दगडी भिंतीलगत ती फिरवा. दगडाच्या रंगात मिसळलेला विंचू चटकन उठून दिसतो. पायात बूट घाला, लांब चिमटा बरोबर ठेवा आणि दिवा डोळ्यांवर धरू नका. आठवडाभर असे पाहिले, की विंचू नेमका कोणत्या भेगेतून येतो ते कळते. मग ती भेग बुजवा.

शेतात

बांधाचा दगड उचलायचा तर आपल्या बाजूची कड जमिनीला टेकवून पलीकडची कड पहारीने उचला, म्हणजे खालचा विंचू तुमच्या पायाकडे न येता पलीकडे जाईल. बोटे दगडाखाली घालू नका. कडब्याची पेंढी उचलण्याआधी काठीने हलवा. सीताफळांच्या पाट्यांत पाला अंथरताना तो आधी उन्हात पसरून झटका. रात्रीच्या पाळीची वीज असेल तेव्हा पाणी द्यायला अनवाणी जाऊ नका. बूट विंचवापासून जसे वाचवतात तसे सापापासूनही वाचवतात.

औषध फवारावे का?

पुष्कळजण आधी हेच विचारतात. उत्तर असे, की केवळ फवारणीने विंचू जात नाही. त्याचे कवच कठीण असते आणि तो खोल भेगेत बसलेला असतो. औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. उलट औषधाच्या वासाने तो भेगेतून बाहेर पडून घरभर फिरतो आणि डंखाचा धोका वाढतो. याच कारणासाठी ब्राझीलच्या आरोग्य खात्याने विंचवांसाठी औषध-फवारणीची शिफारस केलेली नाही. त्यांचाही भर आवार साफ ठेवण्यावर आणि फटी बुजवण्यावर आहे. झुरळे मारायला घरगुती औषध जरूर वापरा, पण कपाशीवर फवारायचे औषध घरात कधीही आणू नका. त्याने विंचू मरायच्या आधी माणसाला बाधा होईल. बिळात रॉकेल ओतून काडी लावण्याचा उद्योगही नको. जवळ कडबा असतो.

विंचू चावलाच तर

आपल्याच जिल्ह्यातल्या पैठणच्या नाथमहाराजांनी देवगिरीवर जनार्दनस्वामींपाशी राहून विद्या घेतली. त्यांचे विंचवावरचे भारूड आपण कीर्तनात, जत्रेत ऐकत आलो. पण नाथांचा विंचू मनातल्या विकारांचा होता आणि त्याचा उतारा सत्त्वगुणाचा. भिंतीतल्या विंचवाचा उतारा दवाखान्यात आहे.

मंत्राने विंचू उतरतो, असे पुष्कळांना वाटते. का वाटते ते समजून घ्या. दहा जणांना विंचू चावला तर त्यांतले बहुतेक नुसत्या कळा सोसून काही तासांनी आपोआप बरे होतात. श्रेय मांत्रिकाला जाते. पण तांबड्या विंचवाचे विष अंगात भिनले असेल, तर गोष्ट वेगळी होते. अशा माणसाला डंखाच्या जागी कळ पुष्कळदा थोडीच असते किंवा नसतेच. लोक म्हणतात, ‘उतरला’. आणि तिकडे माणूस घामाने भिजत असतो, हातपाय गार पडत असतात. म्हणून कळ किती आहे हे विचारू नका. घाम, उलटी आणि गार हातपाय यांकडे पाहा.

हे ज्यांनी बारकाईने पाहिले आणि जगाला सांगितले ते डॉक्टर आपल्या मराठवाड्याचेच. डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म भोकरदन तालुक्यातील देहेड गावचा. १९७६ साली ते कोकणात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला गेले. तिथे तांबड्या विंचवाने माणसे मरत होती आणि नेमके औषध कोणाला माहीत नव्हते. त्यांनी रोग्यांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. विषामुळे शरीरातली उत्तेजना वाढवणारी द्रव्ये एकदम सुटतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण पडतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. मग आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी, रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची गोळी त्यांनी वापरून पाहिली. डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह लिहिलेला याविषयीचा लेख १९८६ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत छापून आला. पूर्वी अत्यवस्थ होऊन आलेल्या शंभर रोग्यांत तीसच्या आसपास दगावत. या गोळीनंतर ते प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आले, असे त्यांनी नोंदवले आहे. पुढे विंचवावरचे प्रतिविषही निघाले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या महाडच्या अभ्यासात ७० रोगी होते. ज्यांना गोळीबरोबर प्रतिविष दिले, ते नुसती गोळी दिलेल्यांपेक्षा लवकर बरे झाले. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

ही गोळी स्वस्त आहे, पण घरात आणून मनाने देऊ नका. तिने रक्तदाब उतरतो, रोगी उठताना कोसळू शकतो. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. सापाचे प्रतिविष विंचवाला चालत नाही, हेही ध्यानात ठेवा.

डंख बसल्यावर करायचे ते असे. माणसाला बसवा, धीर द्या, वेळ लक्षात ठेवा. जागा साबणाने धुवा, गार पाण्याची घडी ठेवा. दोरी आवळू नका, चिरा पाडू नका, तोंडाने ओढू नका, रॉकेल, तंबाखू, मिरची चोळू नका. दारू पाजू नका.

दरदरून घाम, उलटी, गार हातपाय, तोंडातून लाळ गळणे, मुलाच्या किंवा पुरुषाच्या लिंगाला ताठरपणा येणे, छातीत धडधड, दम लागणे, यांतले एकही लक्षण दिसले की क्षणभर थांबू नका. खोकल्याबरोबर गुलाबी फेस येणे ही फार पुढची पायरी. तोवर वाट पाहायची नाही. ही लक्षणे बहुधा अर्ध्या तासापासून चार तासांत दिसतात. लहान मूल असेल तर लक्षणांचीही वाट पाहू नका, सरळ दवाखाना गाठा. रोग्याला चालवत नेऊ नका. विंचू शोधण्यात वेळ घालवू नका.

१०८ वर फोन करा, गाडी मोफत येते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळी सुरू झाली की पुढचा प्रवास सोपा होतो. तिथून गरज पडली तर छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय दौलताबादपासून पंधरा-सोळा किलोमीटरच आहे. दवाखान्यात गेल्यावर, मघाशी नसलेली कळ डंखाच्या जागी पुन्हा सुरू झाली तर घाबरू नका. विषाचा जोर ओसरत असल्याची ती खूण असते.

पेरणीआधी आपण बियाण्याची चौकशी करतो, ऐन वापशावर धावपळ करत नाही. तशीच आपल्या आरोग्य केंद्रात आत्ताच चौकशी करून ठेवा: विंचवावरची गोळी आहे का, रात्री कोण हजर असते, फोन कोणता? नसेल तर ग्रामसभेत विषय मांडा.

दाराजवळ लावायची यादी

१. भिंतीपासून चार-पाच हात जागा साफ. सरपण आणि गोवऱ्या दूर व उंचावर.

२. जोत्यावर वीतभर चकचकीत पट्टी, पुसलेली, शिडीविना.

३. पाऊस लागण्याआधी सांधे भरलेले. दाराखाली रबर, मोरीला जाळी.

४. बाज भिंतीपासून दूर, मच्छरदाणी खोचलेली.

५. वहाणा आपटून, कपडे झटकून. रात्री पायात वहाण, हातात बॅटरी.

६. चावल्यास मंत्र नको, दोरी नको. घाम, उलटी, गार हातपाय दिसले की लगेच दवाखाना. मूल असेल तर काहीही न पाहता दवाखाना.

७. फोन १०८.

येत्या अमावास्येच्या आत निदान पहिले आणि तिसरे काम उरका. बाकीची कामे सवडीने, पण याच वर्षी.